बुरुलकानबद्दलचा फॉर्म

बिश्केकहून एक बाई आल्या, नुरजामाल नावाच्या,
घाटात गाडी लागल्यामुळे चेहरा पिवळा.
मी आधी चहा दिला, मग थोडी कुमिस, मग पुन्हा चहा.
त्यांनी पिशवीतून कागद काढले :
सर्जनशील व्यक्तींचे स्वभावविशेष.
"घरातल्या माणसानं भरायचं. एक ते पाच. चौकटीत आकडा."

मी ट्रक चालवणारा माणूस.
डिझेलचा काटा वाचता येतो मला,
बायकोचा नाही.

नव्या अनुभवांची ओढ आहे का?
आत-बाशीच्या पलीकडे ती कधी गेलेली नाही.
पण झऱ्यावर जायच्या तिच्या वाटा तीन,
आणि तिसरी कुठून जाते
हे एकतीस वर्षांत मला कळलेलं नाही.
तिकडून आली की बादली अर्धी
आणि खिशात दगड :
एक गुलाबी, एक कुत्र्याच्या जिभेसारखा.
"पाण्याचं काय?" म्हटलं, तर म्हणते,
"हा ओला असताना बघ."
मी तीन लिहिलं. वाटा तीन म्हणून.

नीटनेटकेपणा.
इथे नुरजामालबाईंनीच घरभर नजर फिरवली
आणि पेन माझ्या हातातून हळूच घेतलं.

माझी आई म्हणायची, एक ना धड, भाराभर चिंध्या.
आईला नमदा कळत नव्हता.
दोन थर एकावर एक ठेवायचे, काळा आणि पांढरा,
एकदम कापायचे,
मग याची शिंगं त्याच्या पोटात, त्याची याच्या.
चिंधी उरतच नाही.
उरतं ते उतू गेलेलं दूध,
हरवलेली कात्री, जी तिच्याच हातात असते,
आणि "हो हो" म्हणत न ऐकलेलं माझं बोलणं.

आयझिरेकच्या लग्नाचा गालिचा
आदल्या रात्री हिनं उसवला.
एक लाल म्हणे खोटं बोलत होता.
मुलगी रिकाम्या हाती सासरी गेली,
गालिचा अकरा महिन्यांनी पोचला.
आयझिरेक अजून त्यावर कोणाला बसू देत नाही.
रागानं की मायेनं,
ते फॉर्ममध्ये विचारलेलं नाही.

सादातनं बाजारात पिवळा रंग आणला, तेव्हाही नाही.
तो बघून ही दोन दिवस जेवली नाही,
तिसऱ्या दिवशी गरम बोरसोक घेऊन तिच्याच दारात,
"कुठल्या मुळीचा आहे, सांग."
मत्सराला एक चौकट, निर्लज्जपणाला दुसरी,
पण ते दोन्ही एकाच ताटात घेऊन गेली
त्याला कुठली?

एकांत आवडतो का?
इथे मी थांबलो.
एका हिवाळ्यात तोरुगार्तच्या घाटात
बर्फात चार दिवस अडकलो होतो.
ब्रेडचा शेवटचा तुकडा काखेत धरून मऊ केलेला.
घरी आलो, तर हिनं मान वर केली नाही.
जमिनीवर पसरलेला नमदा, गुडघे खडूनं पांढरे.
मी बूट भिरकावला. खरंच भिरकावला.
तो नमद्यावर पडला, म्हणून मी पाहिलं :
माझा रस्ता.
वळणन् वळण, सतरा,
तो कोसळलेला पूल, चिनी ड्रायव्हरची टपरी,
जिथे मला झोप येते तो सरळ पट्टा.
इतक्या वर्षांचं जेवताना बडबडलेलं सगळं.

नवव्या वळणावर मी बोट ठेवलं.
"हे उजवीकडे आहे. तू डावीकडे काढलंस."
ती बराच वेळ बघत राहिली.
मग बूट उचलून माझ्या हातात दिला.
"रस्ता चुकलाय," म्हणाली.

नुरजामालबाईंनी विचारलं, "मग एकांताला किती?"
तेवढ्यात ती स्वतःच आत आली, ओली बादली, अर्धी.
उत्तरं वाचलीच नाहीत.
फॉर्मच्या दोन प्रती होत्या, एक शहराची, एक आमची.
तिनं त्या एकीवर एक ठेवल्या, कडा जुळवल्या,
अंगठ्यानं जाडी पाहिली
आणि पाहुणीला विचारलं,
"दुसऱ्या रंगाचा आहे का?"